'गुण आला' म्हणजे नेमकं काय झालं? पर्यायी उपचारांच्या बाजूने सांगितली जाणारी कारणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काविळीचा रस, मधुमेहाचं चूर्ण, सांधेदुखीच्या पुड्या, कॅन्सरचा काढा. औषधं नाना तऱ्हेची असली, तरी त्यांच्या बाजूने सांगितली जाणारी कारणं फिरून फिरून तीच दहा-बारा असतात. इथे ती एकेक घेऊन तपासली आहेत. प्रत्येक ठिकाणी आम्ही विचारतो तो प्रश्न एकच : हे औषध घेतलं नसतं, तर काय झालं असतं? ज्या युक्तिवादात या प्रश्नाला जागाच नाही, तो ऐकायला कितीही पटला तरी लंगडा असतो.

आमच्या भागात काविळीला गावठी औषध देतात. आजवर शेकडो लोक बरे झाले. मग औषध लागू पडतं असंच म्हणायला हवं ना?

काविळ हे लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य साचलं की डोळे पिवळे दिसतात, आणि ते साचण्याची कारणं डझनभर आहेत. आपल्याकडे पावसाळ्याच्या मागेपुढे जी काविळ गावभर पसरते, ती बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची, दूषित पाण्यातून आलेली असते. तिचा क्रम ठरलेला आहे. विषाणू पोटात गेल्यावर काही आठवड्यांनी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं. मग लघवी गडद होते, मग डोळे पिवळे. पुढे एक-दोन आठवड्यांत पिवळेपणा शिगेला पोचतो आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपसूक ओसरतो, कारण विषाणूचा बंदोबस्त शरीर स्वतःच करतं. या काविळीत डॉक्टरही सहसा विषाणू मारणारं औषध देत नाहीत. विश्रांती, पाणी, साधा पुरेसा आहार आणि रक्ताच्या तपासण्यांवर लक्ष, एवढंच असतं.

आता माणूस रसवाल्याकडे कधी जातो ते पाहा. डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे उतार सुरू होण्याच्या तोंडावर. तीन डोस आणि महिनाभराचं पथ्य मिळतं. महिन्याने डोळे पांढरे होतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात. इथे फांदी कधी मोडणार हे आधीच ठरलेलं आहे आणि कावळा बरोबर त्याच वेळी येऊन बसतो.

शेकडो लोक बरे झाले हे खरंच आहे. पण हिपॅटायटिस ए झालेली बहुतेक सगळी माणसं कुठल्याही औषधाविना बरी होतात. रसवाल्याकडे न जाता बरे झालेले किती, हे कुणी मोजत नाही, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट नसते.

पथ्याबद्दलही एक सांगायला हवं. मीठ, तेल, हळद, डाळ सगळं बंद करून महिनाभर नुसत्या मऊ भातावर ठेवल्याने यकृताला काही फायदा होत नाही. माणूस मात्र अशक्त होतो, आणि तो अशक्तपणा काविळीच्या खात्यावर जमा होतो.

पण माळ वाढते, हात धुतले की पाणी पिवळं होतं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाहिलं ते खरं, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा. काविळीची माळ ओल्या काड्यांच्या तुकड्यांची असते. दोऱ्याच्या सरकत्या गाठींमध्ये ते तुकडे घट्ट आवळलेले असतात. काड्या वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल होतात, मोकळा झालेला दोरा माळेची लांबी वाढवतो. अशीच दुसरी माळ करून घेऊन खुंटीला टांगून ठेवा. खुंटीला काविळ झालेली नसतानाही माळ वाढेल.

हात धुण्याच्या प्रकारात हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस किंवा तसाच काही झाडपाला चोळतात आणि चुन्याच्या निवळीत हात धुतात. सालीतले पदार्थ चुन्याच्या क्षारात पिवळे होतात. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते हे आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. रसायन वेगळं, तत्त्व तेच. निरोगी माणसाचे हात त्याच रसाने चोळून त्याच पाण्यात धुवा, पाणी पिवळंच होईल.

नाकात कडू रस पिळण्याचा प्रकार मात्र निरुपद्रवी नाही. देवडांगरीसारख्या फळांचा रस नाकाच्या आतल्या नाजूक आवरणाला भाजल्यासारखा दाह करतो आणि त्यातून तासन्‌तास पिवळसर पाणी गळतं. 'काविळ नाकावाटे उतरली' असं त्याला म्हणतात. बिलिरुबिन शरीराबाहेर जातं ते यकृतातून पित्तात आणि आतड्यात, थोडं मूत्रपिंडांतून. नाकाकडे तशी वाट नाही.

आपोआप बरी होते म्हणता, मग डॉक्टरांकडे तरी कशाला जायचं?

कारण डोळ्यांचा पिवळा रंग बघून आत काय चाललंय ते कळत नाही. रसवाला सगळ्यांना तोच रस देतो. आपसूक बऱ्या होणाऱ्यांच्या गर्दीत पुढे सांगितलेली माणसं मिसळलेली असतात, आणि नुकसान त्यांचं होतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून किंवा भातशेतीतून फिरलेल्याला ताप, पिंडऱ्यांत जबर दुखणं, लाल डोळे आणि मग काविळ झाली, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी करावा लागतो. त्यावर प्रतिजैविकं आहेत. ती पहिल्या काही दिवसांत मिळाली तर फायदा. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धरली जातात. काविळीबरोबर अंगाला खाज आणि शौचाचा रंग मातीसारखा पांढुरका असेल, तर पित्तनलिका अडली आहे असं समजावं. अडथळा खड्याचा असेल किंवा स्वादुपिंडाच्या गाठीचा असेल. दोन्हींत महिना घालवणं परवडत नाही. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेततो. काही साथींमध्ये अशा शंभर बायकांपैकी वीस-पंचवीस दगावल्या आहेत. नवजात बाळ पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं, तर त्याच दिवशी तपासणी हवी. बाळाचं बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं आणि कायमचं अपंगत्व येतं. निळ्या प्रकाशाखाली वेळीच ठेवलं तर ते टळतं.

आणि साध्या विषाणूच्या काविळीतही थोड्या जणांचं यकृत झपाट्याने निकामी होतं. उलट्या थांबत नाहीत, माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, असंबद्ध बोलतो, हिरड्यांतून रक्त येतं, रक्त गोठण्याची चाचणी बिघडते. यातलं एकही दिसलं तर मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी. त्या घडीला रात्र काढू नये.

मला स्वतःला गुण आला. माझा अनुभव खोटा का?

अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेलं कारण तपासावं लागतं. गुडघेदुखी, पाठदुखी, अर्धशिशी, आम्लपित्त, त्वचेवरचे चट्टे हे आजार चढ-उताराचे आहेत. नवा उपाय माणूस करतो तो दुखणं असह्य झालेल्या दिवशी. शिखरावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते, त्यामुळे त्या दिवशी काहीही घेतलं तरी पुढच्या आठवड्यात बरं वाटण्याची शक्यता जास्त. चिकनगुनियाचे सांधे हे याचं ठळक उदाहरण. ताप काही दिवसांत जातो, सांधे आठवडे ते महिने छळतात आणि बहुतेकांचे हळूहळू मोकळे होतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात ज्याचं तेल लावलं जातं, श्रेय त्या तेलाला मिळतं.

शिवाय आपण एका वेळी एकच गोष्ट क्वचित करतो. तेल चालू असतं, वजन उचलणं थांबलेलं असतं, डॉक्टरांची गोळीही 'जोडीला' असते.

दुखणं किरकोळ असेल तर घरी थोडी नीट पडताळणी करता येते. रोज रात्री ठरलेल्या वेळी वेदनेला शून्य ते दहा गुण द्या आणि वहीत लिहा. दोन आठवडे उपायाविना, दोन आठवडे उपायासह, पुन्हा दोन आठवडे त्याविना. मधे दुसरं काही बदलू नका. बाराव्या आठवड्यापर्यंत असं आलटून-पालटून केलं तर वहीच पुष्कळ सांगते. रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट्स, हृदय यांच्या चालू गोळ्या मात्र अशा प्रयोगासाठी एक दिवसही थांबवायच्या नाहीत.

एकट्याचा अनुभव बाजूला ठेवू. हजारो लोकांचे व्हिडिओ आहेत, त्यांचं काय?

व्हिडिओ बरे झालेलेच करतात. ज्यांना गुण आला नाही ते दुसरीकडे जातात आणि जे गेले ते बोलत नाहीत. सर्पदंशावर मंत्र घालणाऱ्याची कीर्ती अशीच वाढते : आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष टोचतोच असं नाही. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावून पुरेसं विष भिनलेला माणूस त्या गर्दीत एखादाच असतो, आणि त्याला वाचवतं ते प्रतिविषच.

२०२० मध्ये महाराष्ट्रात सोसायट्यांपासून ग्रामपंचायतींपर्यंत आर्सेनिक अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटल्या गेल्या. 'मी घेतली, मला कोरोना झाला नाही' हे वाक्य तेव्हा घरोघरी ऐकू येत होतं. ती न घेतलेल्या लाखो लोकांनाही त्या महिन्यांत कोरोना झाला नव्हता.

त्या ३० चा अर्थ काय? आणि औषधाचा अंश उरला नाही तरी ऊर्जा उरते, त्याचं काय?

होमिओपॅथी जर्मनीतल्या सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ पासून मांडली. शंभरपटीच्या प्रमाणात एक भाग औषध नव्व्याण्णव भाग द्रावणात मिसळून हलवतात, ही एक पायरी. मग त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत. अशा तीस पायऱ्या म्हणजे ३०. विरळपणा एकावर साठ शून्यं इतका.

आर्सेनिक ट्रायॉक्साइडच्या सुमारे १९८ ग्रॅममध्ये सहावर तेवीस शून्यं इतके रेणू असतात. अख्खे १९८ ग्रॅम घेऊन सुरुवात केली आणि दर पायरीला त्यातला शंभरावा भागच पुढे नेला, तरी बाराव्या पायरीला एक रेणूही उरण्याची खात्री राहत नाही. पुढच्या अठरा पायऱ्यांत द्रावणात द्रावणच मिसळलं जातं. हानेमानच्या उमेदीच्या काळात हा आकडा कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देण्याचं कारण नाही. आज तो शाळेत शिकवतात.

'ऊर्जा उरते' हे म्हणणं तपासायचं तर ती ऊर्जा मोजता यायला हवी, किंवा निदान लेबलं काढून टाकल्यावर औषधी गोळी आणि साधी साखरेची गोळी वेगळी ओळखता यायला हवी.

लहान मुलांना आणि जनावरांनाही गुण येतो. त्यांना कुठे ठाऊक असतं की आपण औषध घेतलं?

त्यांना ठाऊक नसतं, पण गुण आला की नाही हे ठरवणाऱ्या आईला आणि गोठ्याच्या मालकाला ठाऊक असतं. बाळाची सर्दी, पोटदुखी, दात येतानाची किरकिर हे सगळं आपसूक जाणारं आहे. गाय एके दिवशी वैरण कमी खाते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत खाते, हेही.

हे शास्त्र हजारो वर्षं टिकलं. चुकीचं असतं तर टिकलं असतं का?

टिकणं आणि खरं असणं यांचा संबंध नाही. शीर कापून रक्त काढण्याचा उपचार युरोपात दोन हजार वर्षं टिकला. जुन्या ज्ञानात मोलाचे धागे असतात हे आम्ही मनापासून मानतो. पण कुठला धागा खरा हे जुनेपणावरून कळत नाही, तो ताणून पाहावा लागतो.

सर्पगंधा हे आपल्याजवळचं उदाहरण. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरची निरीक्षणं १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडली आणि जगाने दखल घेतली. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं. मोजून दिल्यावर तिचे दोषही कळले. काही रुग्णांना खोल उदासी येत होती, म्हणून आज तिचा वापर मागे पडला आहे. मुळी उगाळून देत राहिलो असतो, तर गुणही नीट कळला नसता आणि दोषही.

सदाफुलीची गोष्ट याहून बोलकी आहे. लोकपरंपरेत ती मधुमेहावर देत, म्हणून कॅनडात १९५० च्या दशकात उंदरांना तिच्या पाल्याचा अर्क दिला. साखर उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधं निघाली, आणि मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात. परंपरेने बोट दाखवलं त्या जागी काही नव्हतं, शेजारी खजिना होता. आणि तरीही आपल्या अंगणांत साखरेसाठी सकाळी सदाफुलीची पानं चावणारे लोक आहेत. पेशी मारणाऱ्या द्रव्यांचं हे झाड आहे, ती पानं खाऊ नयेत.

पण हे नैसर्गिक आहे. साइड इफेक्ट तर नाहीत?

सगळ्यांत जास्त नुकसान या एका वाक्याने केलं आहे. ज्यात शरीरावर परिणाम करणारं द्रव्य आहे, त्याचा नको असलेला परिणामही होऊ शकतो. चरकसंहितेनेच सांगितलं आहे की युक्तीने वापरलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं वापरलेलं औषध तीव्र विष होतं. 'आयुर्वेदिक आहे, बिनधास्त घ्या' हे मूळ ग्रंथाच्याही विरुद्ध आहे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. दुधीचा रस पिण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, भाजीतही घालू नका. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यूही झाले आहेत. काढ्यातलं ज्येष्ठमध आठवडेच्या आठवडे रोज घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते टाळावं.

गुळवेलीबद्दल वाद आहे, तो आहे तसा सांगतो. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाली, त्या सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती दुसरी, दिसायला सारखी वनस्पती असावी. २०२२ मध्ये देशभरातल्या रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. कुंपणावरची वेल ओरबाडून काढा करणाऱ्याला कुठली वेल हाती आली हे कळत नसेल, तर मंत्रालयाचा आक्षेप त्याची काळजी कमी करत नाही, वाढवतो. वेल ओळखण्यातली चूक किती महाग पडते ते बेल्जियममध्ये दिसलं : १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया आली आणि शंभरावर बायकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला.

दुसरा धोका धातूंचा. अमेरिकेतल्या बॉस्टन भागात दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, ही २००४ ची तपासणी. भस्मं घेणाऱ्याला पोटात मुरडा, हट्टी बद्धकोष्ठ, थकवा आणि कारण न सापडणारा रक्तक्षय असेल, तर रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

तिसरा धोका भेसळीचा. दम्यावर किंवा सांध्यांवर लेबल नसलेल्या कागदी पुड्या मिळतात आणि दोन दिवसांत चमत्कार होतो. असं झालं की स्टेरॉइडचा संशय घ्यावा. भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर चढते, कातडी पातळ होते. अशी पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर ती एकदम थांबवू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं आणि अचानक बंद केल्यास माणूस कोसळू शकतो. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा उतरवत नेतील. 'शक्तिवर्धक' गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळल्याचे प्रकारही सापडतात. जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी घेणाऱ्याने अशी शक्तिवर्धक गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायक उतरतो.

ॲलोपॅथी फक्त लक्षणं दाबते. आम्ही आजार मुळापासून काढतो.

'ॲलोपॅथी' हे नावच हानेमान यांनी विरोधकांना हिणवण्यासाठी दिलेलं होतं. क्षयाचे जंतू मारणारी औषधं, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, गोवराची लस यांनी नेमकं कुठलं लक्षण दाबलं? काही आजारांत मूळ काढता येत नाही, हे आधुनिक वैद्यक उघड सांगतं. लहानपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. १९२२ पूर्वी, म्हणजे इन्सुलिन हाती येण्याआधी, अशी मुलं काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावत. 'मुळापासून बरं करतो' म्हणून ज्याने त्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं, त्याच्या हातून काही दिवसांत रक्तात आम्ल साचून मूल जाऊ शकतं.

टाइप २ मध्ये फसगत वेगळी होते. चूर्णाबरोबर साखर, मैदा, भात बंद करायला सांगतात आणि रोज चालायला लावतात. साखर उतरते ती त्यामुळे. उपाशीपोटीच्या एका आकड्यावर भरवसा न ठेवता मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी करा.

'आधी त्रास वाढेल, मग बरं वाटेल' असं सांगतात.

या वाक्याला हार नाही. बरं वाटलं तर औषधाचा गुण, वाढलं तर औषध काम करतंय, काहीच झालं नाही तर पथ्य मोडलं. असं सांगणाऱ्याला आधीच विचारून लिहून घ्या : किती दिवसांत, कुठला आकडा किती बदलेल, आणि नाही बदलला तर औषध चुकलं असं तुम्ही मानाल का?

ॲलोपॅथीच्या औषधांनीही माणसं मरतात, त्याचं काय?

मरतात. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइडने हजारो बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली, ते १९६१ मध्ये मागे घ्यावं लागलं. सांधेदुखीचं रोफेकॉक्सिब हृदयविकार वाढवतं म्हणून २००४ मध्ये बाजारातून गेलं. यावर संतापायलाच हवं. पण हे दोष कळले ते नोंदी ठेवल्यामुळे आणि चाचण्या केल्यामुळे. एका औषधाचा दोष दुसऱ्याच्या गुणाचा पुरावा होत नाही; दोघांनाही तीच परीक्षा द्यावी लागते.

स्वस्त उपाय कंपन्या दाबून ठेवतात, म्हणून ते पुढे येत नाहीत.

कंपन्या नफ्यासाठी काय काय करतात याची आम्हाला चांगली जाणीव आहे. पण झाडपाल्यात गुण दिसला की त्या तो दाबत नाहीत, त्यावर झडप घालतात. हळदीने जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावे पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं.

स्वस्त उपायही जगभर जातो. महाड परिसरात विंचूदंशाने माणसं, विशेषतः मुलं, पटापट दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्रत्येक रुग्णाच्या बारीक नोंदी ठेवल्या, मृत्यू हृदय आणि फुप्फुसांवरच्या परिणामाने होतो हे दाखवलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, काही रुपयांचं औषध वापरलं. शंभरात तीस-चाळीस मृत्यू होत, ते एकाच्या आसपास आले. आडगावातल्या डॉक्टरचं स्वस्त औषध 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, कारण मोजलेले आकडे होते.

आमचा उपचार प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार असतो. तुमच्या चाचण्या त्याला लागू होत नाहीत.

होतात. वैद्याने रुग्णाला तपासायचं, प्रकृती पाहून हवं ते औषध लिहायचं. ते खऱ्या रूपात द्यायचं की हुबेहूब दिसणाऱ्या निष्क्रिय रूपात, हे चिठ्ठी काढून तिसऱ्याने ठरवायचं. वैद्यालाही ते कळू द्यायचं नाही. कोइमतूरमध्ये आमवाताच्या ४३ रुग्णांवर असंच केलं गेलं. एका गटाला वैद्याने ठरवलेली आयुर्वेदिक औषधं, एकाला मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं आधुनिक औषध, एकाला दोन्ही. २०११ मध्ये निष्कर्ष आले, तिन्ही गट साधारण सारखे. रुग्ण थोडे होते, त्यामुळे यावरून बरोबरी सिद्ध होत नाही, पण अशी चाचणी होऊ शकते हे सिद्ध झालं.

भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा, तर या परीक्षेत चांगलं उतरलं. १९९१ ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्राने ४ टक्के, शस्त्रक्रियेने ११ टक्के. जखम भरायला मात्र चारऐवजी आठ आठवडे. रुग्णाने निवड करायला इतकी स्पष्ट माहिती पुरते. बाकीच्या औषधांबद्दलही आम्ही एवढंच मागतो.

बरं वाटतंय ना, मग बिघडलं कुठे?

दम्यात बिघडतं. अमेरिकेत २०११ मध्ये दम्याच्या रुग्णांना आलटून-पालटून खरा पंप, रिकामा पंप, खोटं ॲक्युपंक्चर दिलं आणि एकदा काहीच दिलं नाही. बरं वाटण्यात खरा पंप ५० टक्के, रिकामा ४५, खोट्या सुया ४६. जवळपास सारखंच. एका सेकंदात फुंकलेली हवा मोजली तेव्हा खऱ्या पंपाने ती २० टक्के वाढली होती, बाकी सगळ्यांनी ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नळ्या आवळलेल्याच, माणूस मात्र निर्धास्त. वेदना, मळमळ, झोप यांत दिलासा हाच उपचार असू शकतो. जिथे आकडा बिघडून जीव जातो तिथे दिलाशाने वेळ जातो.

केमो घेतलेलेही मरतात. मग कॅन्सरला काढा का नको?

अमेरिकेतल्या नोंदींमधून २०१८ मध्ये न पसरलेल्या कॅन्सरचे, केवळ पर्यायी उपचार निवडलेले २८१ रुग्ण नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० जणांशी ताडून पाहिले. पर्यायी गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. जो कॅन्सर बरा होण्याजोगा असतो, तिथेच हा फरक मोठा पडतो. 'काढ्याने बरी झाले' म्हणणाऱ्या बहुतेक गोष्टींत शस्त्रक्रिया आधी झालेली असते. २०२४ च्या नोव्हेंबरात हळद, कडुनिंब आणि आहाराने कॅन्सर बरा झाल्याचा दावा गाजला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी सही करून सांगितलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. केमो चालू असताना काढा घ्यायचाच असेल, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडतो.

सरकारनं परवाना दिलाय. खोटं असतं तर दिला असता का?

ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळतो तो पाठ मान्यताप्राप्त ग्रंथात आहे म्हणून. त्यासाठी रुग्णांवरची चाचणी दाखवावी लागत नाही. जाहिरातीचा कायदा वेगळा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, कॅन्सर, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू, लठ्ठपणा असे ५४ आजार आहेत, आणि ते बरे करण्याची जाहिरात करणंच गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. जाहिरातीचा फोटो, तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि बिल जोडा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

घरातले वडीलधारे ऐकत नाहीत. त्यांच्याशी कसं बोलायचं?

वाद जिंकायला जाऊ नका. त्यांनी वैद्याचं ऐकलं त्यामागे बहुधा एक साधं कारण असतं : त्याने अर्धा तास बसवून विचारपूस केली, डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली. तेव्हा आधी तुम्ही ती विचारपूस करा. नक्की काय होतंय, कशाची भीती वाटते, कुठल्या गोळीने पोट बिघडतं. अनेकदा गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून प्रश्न सुटतो आणि चूर्णाची गरज उरत नाही.

'काढा टाकून द्या' म्हणण्याऐवजी 'काढा घ्या, पण बीपीची गोळी बंद करू नका' एवढ्यावर तडजोड करा. घेत असलेल्या प्रत्येक चूर्णाची, भस्माची, तेलाची बाटली किंवा पुडी एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा. लेबल नसेल तर कधीपासून, किती चमचे आणि कुणाकडून आणलं ते कागदावर लिहून पिशवीत टाका. नवं काही सुरू करण्यापूर्वी यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची चाचणी) आणि साखर यांची एक तपासणी करून ठेवा आणि सहा आठवड्यांनी तीच पुन्हा. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांच्याबरोबर वाचा. मधल्या काळात लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा पायांवर सूज आली, तर सहा आठवडे पुरे होण्याची वाट पाहायची नाही, हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या.